हॉर्न गेलाच नव्हता

कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की समोरची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. वळणाच्या आधी हॉर्न द्यायचा, जीपचा बाजूचा पडदा थोडा वर करून कानोसा घ्यायचा आणि मगच गाडी घालायची, हे अण्णांनी मला गाडी शिकवतानाच सांगितलेलं. २०२३च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोफळी सोडून वर चढत होते. अण्णा शेजारी बसलेले, कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. एका आंधळ्या वळणावर बटण दाबलं तर आतून नुसतं ‘टक्’ झालं. पुन्हा दाबलं, तेवढंच. तेवढ्यात वरून एसटीचा भोंगा आला. मी गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन उभी केली, एसटी वीतभर अंतरावरून निघून गेली. अण्णा काही बोलले नाहीत, पण पुढच्या प्रत्येक वळणावर ते स्वतः पडदा वर करून बाहेर डोकावत राहिले. कराडपर्यंत आम्ही जीव मुठीत धरून गेलो.

ही जीप महिंद्राची, १९९३ची एमएम ५४०. अण्णांनी शिरगावच्या बागेसाठी घेतली. आंब्याच्या पेट्या, खताची पोती, गड्यांची ने-आण, माझ्या धाकट्या भावाचं लग्नाचं सामान, सगळं तिनं ओढलं आहे. घरात कुणाला ती विकायची कल्पनाही सुचत नाही. दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यायचं आणि वापरायची. या वेळचं पासिंग ऑगस्टअखेर संपत होतं. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. एवढे पैसे भरून निरीक्षकासमोर गाडी उभी करायची आणि हॉर्न वाजत नाही म्हणून परत फिरायचं, हे मला परवडणारं नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, म्हणजे १९८९च्या नियमावलीत, ११९वा नियम हॉर्नचाच आहे. पण खरं सांगायचं तर मला नियमापेक्षा ते वळण आठवत होतं.

परत आल्यावर जवळच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. तिथल्या मुलानं बटण दाबून बघितलं, बॉनेट उघडून हॉर्नला एक टपली मारली आणि म्हणाला, ‘‘हॉर्न गेला ताई, नवा टाकू.’’ टाकला. खणखणीत वाजला. मी पैसे देऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी तो नवा हॉर्नही घोगरा झाला आणि चौथ्या दिवशी गप्प.

तेव्हा मी ठरवलं की आता कुणाला काही बदलायला सांगायचं नाही. आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं.

अण्णा जीपची वही ठेवतात. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. डिझेल किती टाकलं, किती किलोमीटर झाले, काय दुरुस्त केलं, सगळं तारखेनिशी. २०२१च्या पुरात चिपळुणात आमच्या तळघराचं सगळं गेलं, पण ही वही माळ्यावरच्या ट्रंकेत होती म्हणून राहिली. त्या संध्याकाळी मी ती घेऊन बसले. ‘हॉर्न नवा’ अशी नोंद दोनदा सापडली. एकदा जुलै २००९, एकदा ऑगस्ट २०१६. आता जून २०२३. तिन्ही वेळा पावसाळा. हॉर्न हे काही ऋतू बघून मरणारं यंत्र नाही. पाऊस सुरू झाला की दुसरंच काहीतरी बिघडत असणार आणि शिक्षा हॉर्नला होत असणार, असा मला संशय आला.

आणखी दोन गोष्टी मला माहीत होत्या, पण मी त्यांची सांगड घातलेली नव्हती. स्टिअरिंग थोडं डावीकडे वळवून बटण दाबलं तर कधीकधी आवाज निघायचा, सरळ असताना नाही. आणि रात्री हेडलाइट लावून हॉर्न दाबला तर दिवे मंद व्हायचे. स्टार्टर मात्र एका दमात इंजिन फिरवत होता, त्यामुळे बॅटरी आणि अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे करंट परत जायचा रस्ता, ठीक आहेत असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

माझ्याकडे साधा डिजिटल मल्टीमीटर आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, मीटर हाताळायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अंगणात पत्र्याच्या शेडखाली जीप लावली आणि कामाला लागले. पहिली गोष्ट, हॉर्नच्या दोन्ही वायरी काढल्या आणि बॅटरीवरून थेट दोन वायरी त्याला लावल्या. प्लसच्या वायरमध्ये दहा अँपिअरचा फ्यूज घातला होता. हे कुणी करणार असेल तर फ्यूजशिवाय करू नये, आणि हातातली अंगठी, धातूचं कडं काढून ठेवावं. पाना किंवा अंगठी प्लस आणि बॉडीच्या मध्ये आली तर कातडी जळायला क्षणही लागत नाही. वायर टेकवली आणि हॉर्न असा वाजला की समोरच्या आंब्यावरचे कावळे उडाले. म्हणजे हॉर्न उत्तम.

मग मला माळ्यावरच्या जुन्या हॉर्नांची आठवण झाली. अण्णा काही टाकत नाहीत. शिडी लावून वर गेले तर एका खोक्यात दोन हॉर्न. एक १९९३चा, गाडीबरोबर आलेला, २००९ला काढलेला. दुसरा २००९चा, २०१६ला काढलेला. आणि २०१६चा तो गॅरेजवाल्यानं काढून मला पिशवीत घालून दिलेला. तिन्ही ओळीनं पोत्यावर ठेवले आणि एकेक करून बॅटरीला लावले. २००९चा लगेच वाजला. २०१६चाही वाजला. १९९३चा मात्र ‘टक्’ करून थांबला. अण्णा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून बघत होते. चौदा वर्षांत आपण दोन चांगले हॉर्न काढून माळ्यावर टाकले हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना वाईट वाटलेलं मला दिसलं.

आता वायरिंग. आमच्या जीपमध्ये बॅटरीचा प्लस फ्यूजमधून येऊन हॉर्नच्या एका टोकाला कायम उभा असतो. दुसऱ्या टोकाची वायर स्टिअरिंगच्या नळीपाशी जाते. तिथे एक छोटी पितळी पट्टी आहे, ती दांड्यावरच्या एका कड्याला घासत राहते. ते कडं फायबरवर बसवलेलं असतं, म्हणजे दांड्याला थेट टेकत नाही. कड्यापासून वायर नळीच्या आतून वर, स्टिअरिंगच्या मधोमध बटणाखाली. बटण दाबलं की ती वायर दांड्याला टेकते आणि मग दांड्यातून बॉडी, बॉडीतून इंजिन, इंजिनातून बॅटरीचा मायनस, असा परतीचा रस्ता पुरा होतो. बटण हॉर्नला करंट पाठवत नाही, परतीचं दार उघडतं. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की शोध अर्धा झाला.

मी मीटर लावला. हॉर्नच्या प्लसच्या टोकाला १२.४ व्होल्ट. छान. मग मीटर ‘बीप’वर ठेवून बटण दाबून बघितलं, हॉर्नच्या दुसऱ्या वायरपासून बॉडीपर्यंत. मीटर वाजला. म्हणजे रस्ता आहे. प्लस आहे, अर्थ आहे, हॉर्न चांगला आहे आणि तरी हॉर्न वाजत नाही. त्या रात्री मी जेवताना आईशी धड बोललेही नाही.

रविवारी चाचांना बोलावलं. आमच्याकडच्या गाड्यांचं वायरिंग तीस-पस्तीस वर्षं तेच बघत आलेत. आता दुकान मुलाकडे दिलंय, पण अण्णांच्या शब्दावर आले. मी त्यांना मीटरवरचे आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून एक बल्ब काढला. इंडिकेटरचा एकवीस वॅटचा साधा बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी झाळलेल्या.

‘‘बाय, तुझा मीटर नुसता बघतो. ओझं उचलीत नाय. ह्यो बल्ब ओझं उचलतो.’’

हॉर्नच्या वायरी काढून त्यांनी बल्ब त्या जागी लावला आणि अण्णांना बटण दाबायला सांगितलं. बल्ब निखाऱ्यासारखा तांबूस लागला, बस. तोच बल्ब थेट बॅटरीला लावला तर डोळे दिपले.

मला तिथल्या तिथे सगळं उमगलं, आणि इतकी वर्षं ओहमचा नियम मुलांना फळ्यावर शिकवताना मी काय शिकवत होते तेही. मीटरमधून जाणारा करंट नगण्य असतो. गंजलेल्या सांध्यातून तेवढा करंट सहज जातो, म्हणून मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. ‘बीप’ तर पुष्कळशा मीटरमध्ये वीस-तीस ओहमलासुद्धा वाजते. पण असा डिस्क हॉर्न वाजताना तीन-चार अँपिअर ओढतो. वाटेत कुठे तीन ओहमचा गंज असला आणि त्यातून तीन अँपिअर जायला लागले, तर नऊ व्होल्ट तिथेच संपले. हॉर्नच्या वाट्याला उरले तीन. तीन व्होल्टांत तो ‘टक्’ करून आपल्या आतला, आवाज काढणारा पडदा ओढून धरतो आणि थांबतो.

नवा हॉर्न दोन दिवस का वाजला तेही कळलं. काढताना-घालताना टोकं घासली गेली, वायरी हलल्या, सांध्यांवरचा गंज थोडा खरवडला गेला. दोन दिवसांच्या दमट हवेनं तो पुन्हा धरला.

मग आम्ही हिशोब करायला बसलो. हॉर्न परत जोडला. अण्णा स्टिअरिंगवर, मी मीटर घेऊन बॉनेटमध्ये, चाचा शेजारी बॅटरी हातात घेऊन. बॅटरी म्हणजे उजेडाची. मी ‘‘दाबा’’ म्हणायची, अण्णा दाबायचे, आकडा वाचून ‘‘सोडा’’ म्हणायची. अण्णांचे डोळे अधू झालेत, हात थरथरतात, पण ते इतके मन लावून दाबत होते की ‘‘सोडा’’ म्हटल्याशिवाय बोट उचलत नव्हते.

बटण दाबलेलं असताना बॅटरीच्या प्लसपासून हॉर्नच्या प्लसपर्यंत ०.४ व्होल्ट हरवत होते. एवढं चालतं. हॉर्नच्या दोन टोकांमध्ये ३.१. आणि हॉर्नच्या दुसऱ्या टोकापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ८.९. बेरीज १२.४. एक दशांशही इकडेतिकडे नाही. ज्या रस्त्यात जवळपास शून्य हरवायला हवं, तिथे नऊ व्होल्ट गिळले जात होते. ती बेरीज वहीच्या कोपऱ्यात लिहिली तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. बिघाड हातात आला नव्हता, पण तो कोणत्या वायरीत नाही हे कळलं होतं.

आता ८.९चे तुकडे करायचे. मीटरचं एक टोक हॉर्नच्या दुसऱ्या टोकाला, दुसरं स्टिअरिंगच्या मधल्या नटाला. ४.८. म्हणजे पट्टी, कडं, आतली वायर आणि बटण मिळून एवढे खात होते. नटापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ४.१. एक नाही, दोन बिघाड होते. एकटा कुठलाही असता तरी हॉर्न कसाबसा वाजला असता. दोघांनी मिळून त्याचा गळा दाबला होता.

पहिला बटणाचा. बॅटरीचा मायनस सोडला आणि मधलं झाकण बोथट पेचकसनं हळूच उचकटलं. आत स्प्रिंग, तिच्याखाली पितळी वाटी. ती वाटी मी आयुष्यात विसरणार नाही. आजीच्या पितळेच्या भांड्यात ताक राहून गेलं की आत जसा कळंक यायचा, अगदी तसा हिरवा, ओलसर, बोटाला चिकटणारा थर. तीस पावसाळ्यांची हवा आणि घामट अंगठे. कड्यावर काळी चिकट पेस्ट, जुनं ग्रीस आणि पितळेचा भुगा यांची. पट्टीचा जो भाग कड्याला घासतो तो एका बाजूनं झिजून कलता झालेला. म्हणूनच स्टिअरिंग डावीकडे वळवलं की टेकायची आणि सरळ केलं की सुटायची. चाचांनी पट्टी काढून थोडी वाकवून पुन्हा दाब दिला. वाटी आणि कडं मी स्वतः साफ केलं. आधी पेट्रोलनं पुसलं, मग सगळ्यांत बारीक पॉलिश पेपर. खरबरीत कागद वापरायचा नाही, चरे पडले की त्यात घाण लवकर बसते. पितळ पिवळंजर्द दिसेपर्यंत तासभर गेला. त्या तासात दुसरं काही मनात आलं नाही.

मायनस जोडून पुन्हा दाबलं. हॉर्न वाजला, पण घोगरा. दिवे अजून मंद होत होते.

दुसरा बिघाड शोधायला चाचा जमिनीवर पोतं टाकून गाडीखाली शिरले. सत्तरीच्या माणसानं शिरू नये म्हणून मी अडवलं तर म्हणाले, ‘‘तुला दिसला तरी कळायचा नाय.’’ मला ते पटलं नाही, म्हणून शेजारी मीही शिरले. आमच्या जीपला बॅटरीची जाड मायनस केबल इंजिनला जाते. इंजिन रबराच्या माऊंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी एक वेगळी विणलेली तांब्याची पट्टी असते. स्टार्टर इंजिनावर असतो, त्याला ही पट्टी लागतच नाही. म्हणून तो जोरात फिरत होता आणि सगळे फसत होतो. दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्यांचा परतीचा रस्ता मात्र याच पट्टीतून.

चाचांनी बॅटरीचा उजेड टाकला. पट्टी दिसायला जाग्यावर होती. त्यांनी तिला बोट लावलं आणि ती विणीत तुटून त्यांच्या तळव्यावर आली. काळी, हिरवी, आणि विणीच्या आत वाळलेला गाळ. करडा, मऊसूत, बोटांत चुरला की पावडर होणारा. तो गाळ आम्ही चिपळूणकर कुठेही ओळखू. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी जीपच्या हेडलाइटपर्यंत चढलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही इंजिन ऑइल बदललं, गिअरचं, डिफरन्शिअलचं तेल बदललं, स्टार्टर आणि आल्टर्नेटर उघडून साफ करून घेतले. गाडी चालू झाली त्या दिवशी आई रडली होती. पण या एवढ्याशा पट्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि ती दोन वर्षं आतून सडत राहिली. तो तुकडा चाचांच्या हातावर बघून मला त्या आठवड्याचा वास आला. अण्णांनी तो मागून घेतला आणि बराच वेळ उलटापालटा करून बघत बसले.

पूर बघितलेली जुनी गाडी कुणाकडे असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, हॉर्न वाजो न वाजो, अर्थच्या सगळ्या पट्ट्या सोडवून बघा. वरून बघून चालत नाही. वाकवून बघायच्या.

नवी विणलेली पट्टी बाजारात मिळाली, जुनीपेक्षा जाडच. पण नुसती पट्टी बदलून भागत नाही. जिथे बोल्ट बसतो तिथला रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, दोन्ही टोकांना दातेरी वायसर घातले, बोल्ट आवळले आणि मग वरून पेट्रोलियम जेली चोपडली. आधी आवळायचं, मग जेली, हा क्रम चाचांनी दोनदा बजावला.

पुन्हा ‘‘दाबा’’. या वेळी ‘‘सोडा’’ म्हणायला मला वेळ लागला, कारण आकडा वाचायच्या आधी आवाजानंच मी दचकले. हेडलाइट लावून दाबलं, दिवे जागचे हलले नाहीत.

रिलेबद्दल आमच्यात थोडा वाद झाला. मला रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, घालायचा होता. रिले घातला की हॉर्नचा तीन-चार अँपिअरचा करंट बटणातून आणि कड्यातून जात नाही, तिथून फक्त रिलेच्या कॉइलपुरता थोडासा जातो. बटण आणि पट्टी पुष्कळ जास्त टिकतात. अण्णांना गाडीत नवीन काही नको होतं. चाचांचं म्हणणं वेगळं होतं, आणि तेच मला सगळ्यांत पटलं. पहिल्या दिवशी रिले लावला असता तर हॉर्न वाजला असता आणि सडलेली पट्टी तशीच राहिली असती. मग एखाद्या रात्री घाटात हेडलाइट गेले असते. आता सगळं साफ झालंय, आता खुशाल लाव. अण्णांनी मान डोलावली. चार पिनांचा साधा रिले आणला. तीस नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस पंधरा अँपिअरच्या फ्यूजमधून, सत्त्याऐंशीवरून हॉर्न, शहाऐंशीला प्लस, पंचाऐंशीवरून बटणाची जुनी वायर, आणि हॉर्नच्या दुसऱ्या टोकाला थेट बॉडी अर्थ. शेवटचा हिशोब, प्लसच्या बाजूला ०.२, मायनसच्या बाजूला ०.१, हॉर्नला १२.१.

राहिला १९९३चा तो ‘टक्’ करणारा हॉर्न. चाचांनी तो मांडीवर घेतला. हॉर्नच्या आत कॉइल पडद्याला ओढते, पडदा आत आला की एक संपर्क सुटतो, कॉइल मरते, पडदा मागे जातो, संपर्क पुन्हा जुळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की त्याला आपण हॉर्नचा आवाज म्हणतो. संपर्क किती अंतरावर सुटायचा ते मागच्या छोट्या स्क्रूवर असतं. वर्षानुवर्षं पडून राहिला की संपर्कावर गंज बसतो. त्यांनी बल्बच्या वायरी लावल्या, स्क्रू पावकी फिरवला, टेकवलं. टक्. पुन्हा किंचित. खरखर. आणखी अगदी केसभर.

आणि तो वाजला. नव्या हॉर्नपेक्षा खालचा, भरलेला आवाज. मी लहान असताना अण्णा बागेतून यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोनदा वाजायचा तोच. २००९नंतर तो आमच्या घरात ऐकू आलेला नव्हता. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि अण्णांकडे बघत म्हणाली, ‘‘हा आपला.’’

मग तोच बसवायचा हे कुणी ठरवावं लागलं नाही. स्क्रू हलू नये म्हणून त्यावर मी माझ्या नेलपेंटचा थेंब सोडला. नवा हॉर्न आणि २०१६चा पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले, २००९चा चाचांनी आनंदानं नेला.

ऑगस्टमध्ये जीप पासिंगला नेली. निरीक्षकांनी चेसिस नंबर पडताळला, दिवे, इंडिकेटर, वायपर बघितले, खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला आणि पुढच्या कलमाकडे वळले. एक सेकंद लागला असेल.

घरी आल्यावर अण्णांनी वही माझ्यापुढे सरकवली. आता त्यांना लिहायला जमत नाही. त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच पद्धतीनं, मी लिहिलं: ‘ऑगस्ट २०२३. पासिंग झाले, पाच वर्षे. इंजिन-चेसिस अर्थ पट्टी नवी. स्टिअरिंगचे कडे व बटण साफ. हॉर्नला रिले. हॉर्न मूळचा, १९९३. दर जूनच्या आधी पट्टी सोडून पाहणे.’